पडद्यामागून पाहिलेला बुरुज

तारीख १८ जानेवारी १९७४, शुक्रवार. सांगलीच्या इस्पितळातील तपासणीची खोली. हजर तिघे: डॉक्टर, माझी पत्नी सुमन आणि मी. डॉक्टरांनी कागदावर २,३४० हा आकडा लिहिला आणि वाचायला सांगितला. मी "तीनशे चाळीस" असे वाचले. सुमनने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी पेनचे टोपण लावले आणि म्हणाले, "डोळे ठीक आहेत. बिघाड मेंदूच्या मागच्या भागात आहे. याला हेमिअनोपिया म्हणतात."

हेमिअनोपिया म्हणजे दृष्टीचा अर्धा भाग जाणे. माझा डावा अर्धा गेला होता, दोन्ही डोळ्यांचा. तिथे काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. म्हणून माणसाला ते कळतही नाही. वाचणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

मी इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो. वय बेचाळीस, नोकरीची एकोणीस वर्षे. बैलगाडी काट्यावर चढली की आकडा वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एका गाडीवानाने चिठ्ठी परत आणली.

"आवं साहेब, तीनशे चाळीस किलू? एवढा ऊस तर माजी शेरडं न्याहारीला खात्यात."

मागचे गाडीवान हसले. मी काटा पुन्हा पाहिला आणि पुन्हा तीनशे चाळीसच वाचले. तेव्हा हसणे थांबले. त्या सकाळच्या सात चिठ्ठ्यांवरचा पहिला आकडा मी गाळला होता. डोके दोन दिवस दुखत होते, ते मी जागरणावर ढकलले होते. रक्तदाब २१० वर १२० निघाला. तो आधी कधी मोजलाच नव्हता.

इस्पितळात सव्वीस दिवस काढले. लंबर पंक्चर झाले, म्हणजे कण्यातून सुईने पाणी काढून तपासणे. त्यानंतर चोवीस तास उताणे पडून राहावे लागते. पेरिमीटर नावाची तपासणी तीन वेळा झाली. हनुवटी टेकवून समोरच्या एका ठिपक्याकडे बघायचे. एका काळ्या कमानीवरून दुसरा पांढरा ठिपका सरकत येतो, तो दिसला की "दिसला" म्हणायचे. उजवीकडून मी लगेच म्हणत असे. डावीकडून ठिपका अगदी मध्यावर येईपर्यंत गप्प. तीन तपासण्या, तिन्ही कागद सारखे.

डॉक्टर म्हणाले, "यायचे ते तीन-चार महिन्यांत येते. नंतर फारसे येत नाही. मान डावीकडे वळवायची सवय लावा."

कारखान्याचा नियम साधा होता. काट्यावरच्या माणसाला आकडा एकट्याने वाचता आला पाहिजे. पुढच्या हंगामाआधी डॉक्टरांचा दाखला दिला तर जागा माझी, नाही तर दुसऱ्याची.

दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाही. दुपारी दोन ते चार कोणी येत नसे. तेव्हा मी डोळे मिटून लहानपणी पाहिलेला एक चित्रपट आठवत पडे. खंडाळ्याजवळच्या जत्रेत तंबूत पाहिलेला, रंगीत, सगळा चित्रे काढून हलवलेला. इंग्रजी होता, एक माणूस कर्णा घेऊन गोष्ट सांगत होता. एक मुलगी पंख असलेल्या पांढऱ्या मेंढ्यावर बसून उडते आणि उंच बुरुजात कोंडलेल्या भावाला सोडवते. तेहतीस वर्षांत त्यातले काही विसरलो नव्हतो. बुरुज उजवीकडे, मेंढा डावीकडून येणार. मिटल्या डोळ्यांपुढे दोन्ही बाजू शाबूत होत्या. तेवढाच विसावा.

घरी सोडल्यावर सांगलीतच विश्रामबागेत एक खोली घेतली, इस्पितळ जवळ म्हणून. ताटात डावीकडचे मीठ, चटणी, लिंबू मला दिसत नसे. सुमन काही न बोलता ताट फिरवून ठेवी. एकदाच म्हणाली, "अहो, मान वळवा की. मी किती दिवस ताटं फिरवू?" रागाने नाही, दमून. दमलो दोघेही होतो.

एप्रिलमध्ये सुमनने भिंतीवरच्या जाहिरातीत मेंढा पाहिला. तोच चित्रपट, तीन रविवार, सकाळच्या खेळाला. पहिल्याच रविवारी गेलो.

मेंढा उजवीकडून आला. बुरुज डावीकडे उभा होता. पुढे राजाची मेजवानी आली, तीही उलटी. सगळे माझ्या आठवणीच्या विरुद्ध बाजूला. मी खुर्चीचे हात धरून बसलो. वाटले, आता उरलेलेही बिघडले. धास्तीने मान हलवली नाही, शेवटपर्यंत सरळ पडद्याच्या मध्याकडे बघत राहिलो. बाहेर आल्यावर सुमनला म्हणालो, "मला उलटे दिसू लागले आहे."

सोमवारी पुन्हा भरती. रक्तदाब १५० वर ९०. डॉक्टरांनी तपासले, घड्याळ दाखवले, वर्तमानपत्र वाचून घेतले. काहीच उलटे नव्हते. ते म्हणाले, "असे मी पाहिलेले नाही. दोन दिवस लक्ष ठेवू." डॉक्टरांना कळत नाही हे ऐकण्याइतके थकवणारे दुसरे काही नाही.

बुधवारी साताऱ्याहून अक्का आली, माझी थोरली बहीण. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारले, "काय उलटं दिसतंय रं तुला?"

मी सांगितले. बुरुज, मेंढा, मेजवानी. डॉक्टर फेरीवर होते, तेही थांबले.

"राजा कंच्या हातानं जेवत हुता?" अक्काने विचारले.

"उजव्या."

"आन् तवा?"

तेव्हा राजा डाव्या हाताने जेवत होता. आम्ही पोरे पोट धरून हसलो होतो. साहेबांच्या मुलखात अशीच रीत असेल, असे ठरवून टाकले होते.

"आरं, आपण पडद्यामागं बसलो हुतो," अक्का म्हणाली. "म्होरं दोन आणे, मागं एक आणा. माज्याकडं दोनच आणे हुते, म्हणून दोघं मागं बसलो. तू लय रडलास, म्होरं बसायचं म्हणून. इसरलास व्हय?"

विसरलो होतो. चित्रपट अख्खा आठवत होता, बसलो कुठे ते नाही. इंग्रजी अक्षरेही उलटीच दिसली असणार, पण ती वाचणारा आमच्यात कोणी नव्हता.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "रविवारी बुरुज डावीकडे होता म्हणता. मान वळवून पाहिलात?"

"नाही. मान हलवलीच नाही."

"मग तो दिसला कसा?"

अक्काच म्हणाली, "दिसला म्हंजी दिसला की."

गुरुवारी चौथा पेरिमीटर झाला. डावीकडे वरच्या भागात ठिपका कमानीच्या निम्म्यावर आला तेव्हाच मी "दिसला" म्हणालो. खालचा भाग तसाच होता, रिकामा. डॉक्टरांनी कागद दाखवला आणि सांगितले की वरचे परत आले, खालचे बहुधा येणार नाही. मग त्यांनी एक आकडा लिहिला. मी डावीकडून सुरुवात करून पुरा वाचला. सुमन भिंतीला टेकली आणि पदराने तोंड पुसू लागली.

दाखला मिळाला, "मान वळवून वाचणे आवश्यक" या शेऱ्यासह. आज मी काट्यावर आहे. प्रत्येक आकडा दोनदा वाचतो. गाडीवान कुरकुरतात, रांग लांबते. त्याला इलाज नाही.

ज्यांच्यावर हे येईल त्यांना तीनच गोष्टी सांगतो. रक्तदाब मोजून घ्या. आकडे चुकू लागले तर झोपेला दोष देऊ नका. आणि जे नवे, विचित्र दिसेल ते घाबरून लपवू नका. डॉक्टरांना सांगा, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा. माझी तपासणी डॉक्टरांनी केली. ती कुठे अडली होती ते अक्काने सांगितले. आणि दोन महिने ताट फिरवले सुमनने. तिघांचाही ऋणी आहे.

तिसऱ्या रविवारी अक्काला घेऊन आम्ही दोघे पुन्हा गेलो, पुढच्या बाजूला. मेजवानी आली तशी अक्का मोठ्याने म्हणाली, "आता कुटं जरा रीतीनं जेवाय लागला." पुढच्या रांगेतले लोक वळून बघू लागले.

आत जाण्याआधी तिकिटे काढली तेव्हा ती तीन होती, साडेचार रुपये. अक्का पिशवीत हात घालत होती, पण मी पाचाची नोट खिडकीवरच्या माणसाला आधीच दिली होती. परत आलेली चार-चार आण्यांची दोन नाणी त्याने फळीवर ठेवली. मला एकच दिसले. मग मान डावीकडे, खाली वळवली आणि दुसरेही उचलले.