एक जूनची पोरं

माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा, एक जूनला. हा चमत्कार देवाचा नव्हे, माझा. धारवाडच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं पहिलीचे प्रवेश मी केले. आया पोराला घेऊन येत. जन्माचा दाखला नसे, "ज्वारी काढायचे दिवस होते बघा" एवढंच सांगत. नियम सहा वर्षं पूर्ण असण्याचा. मी पोराला नीट न्याहाळायची, जन्माचं वर्ष मागं सरकवायची आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळी व्हायची. एक वर्ष लवकर शिकेल, त्यात कुणाचं काय बिघडलं? उलट मला त्याचा अभिमानच होता.

आता निवृत्त होऊन धारवाडातच, मळमड्डीत एकटीच राहते. मुलगी बंगळूरला, रविवारी फोन करते. दिवसभर बोलायला कुणी नसतं, म्हणून सकाळी फिरायला गेलं की मी जरा जास्तच बोलते. तारिहाळच्या एका कारखान्यात चोरी करताना तिघांनी रखवालदाराला ठार मारलं, त्यातला एक सोळाचा, अशी बातमी आली तेव्हाही बोलले. "माणूस मारायला मोठा, मग मोठ्यांच्या कोर्टात उभं राहायलाच लहान कसा?" बरोबरच्या बायकांनी माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. पूर्वी आमच्या गल्लीत भांडी घासायची. खुर्ची दिली तरी उंबऱ्याजवळच बसली. इकडं शिकवणाऱ्या बाईला अक्कोरू म्हणतात.

"अक्कोरे, त्यातला बारका माझा पोरगा," ती म्हणाली. "वकील म्हणतात, सोळाच्या आत असला तर केस मुलांच्या मंडळापुढंच राहते. वर असला तर मोठ्यांच्या कोर्टात पाठवता येतं. शाळेच्या रजिस्टरात सोळा झालेत. खरं तर त्याला पंधरावंच पुरं झालंय. तुम्हीच वर्ष वाढवलं होतं की."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

सगळं आठवत होतं. प्रवेशाच्या दिवशी पोरगा तिचा पदर सोडेना. मीच त्याची बोटं सोडवली आणि म्हटलं, रडायचं नाही, तू आता मोठा झालास.

ती वाद घालायला आली नव्हती. पाणी प्यायली. जाताना म्हणाली, "त्यानं वाईट केलं नाही असं मी म्हणत नाही. वय तेवढं खरं सांगा."

आठ दिवस मी फिरायला गेले नाही. मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू कशाला यात पडतेस? आठवत नाही म्हण." तेच तर म्हणून बसले होते. माझ्या रजिस्टराकडं आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं आणि आता मीच दाखवायचं होतं. शिवाय तो रखवालदार मेलाच होता. माझं मत बदललं होतं असंही नाही. घरात वाद घालायला कुणी असतं तर बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात फार वाटलं.

प्रवेश मीच केलेला, म्हणून मंडळाचं बोलावणं आलं. साधी खोली, लांब टेबल. मी आत शिरले आणि बाकावरचा पोरगा ताडकन उठला, हात जोडून वर्गातल्याच सुरात म्हणाला, "नमस्ते, बाई." ओठावर मिसरूड फुटलेली.

मंडळातल्या एकानं रजिस्टर पुढं केलं. माझंच वळणदार अक्षर. "ही तारीख कशाच्या आधारावर लिहिली?"

"आधार काही नव्हता," मी सांगितलं. "पोरगा पाचाचा होता. मी सहाचा लिहिला."

"आणखी कुणाचं असं लिहिलंय?"

"निम्म्या वर्गाचं."

पुढं हाडांची तपासणी झाली, आणि पोरगा सोळाच्या आतला असं मंडळानं ठरवलं. त्या दिवशीही मी गेले होते. व्हरांड्यात त्याची आई माझ्या पाया पडायला वाकली, मी मागं सरले. पलीकडच्या बाकावर रखवालदाराची बायको बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि आवाज न चढवता कन्नडमध्ये म्हणाली, "अक्कोरे, माझ्या माणसाच्या नावावरही एखादं वर्ष चढवायचं होतं."

रिक्षानं घरी आले, कुलूप काढलं, आणि हे कुणाला सांगावं ते सुचेना.

एक जूनला जुनी पोरं अजून फोन करतात, आशीर्वाद मागतात. वर्षातला तेवढा एक दिवस माझा फोन सारखा वाजतो. यंदा पहिल्याच पोराला मी विचारलं, "खरा वाढदिवस कधी रे तुझा?"

तो हसला. "हाच की, बाई. तुम्हीच लिहिलाय."

त्यानंतरचे फोन मी उचलले नाहीत.