मूर्तीमागची भिंत

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, सगळं गाव 'खात्री मिस्त्री' म्हणायचं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण कुणावर विश्वास टाकला असेल तर शपथ. वाळू चाळलेली आहे म्हणून सांगितलं, की हे मूठभर घेऊन चोळून बघणार. घराला कुलूप लावून दहा पावलं गेले, की परत येऊन ते ओढून बघणार.

गावाने विहार बांधायला काढला. घरटी एक माणूस रोज राबायला यायचा. बुद्धांच्या मूर्तीमागची भिंत भंतेजींनी दाजींवर सोपवली. दाजींनी एकच अट घातली: त्या भिंतीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. वय सत्तरीकडे झुकलेलं. एवढी एक भिंत तरी आपल्या हातची म्हणून मागे राहावी, असं त्यांना फार वाटत होतं.

चौथ्या दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. "माझ्या विटा कुणीतरी हलवतंय," ते मला म्हणाले. मी शिंपी, मला सगळ्या विटा सारख्याच. मग त्यांनी जेवायला जाताना एका विटेवर कोळशाची बारीक रेघ ओढली. परत येऊन बघतात तर रेघ वरची खाली झालेली.

झालं, अख्खं गाव चोर! सुताराच्या चौकटीला दाजींनी नावं ठेवली होती, म्हणजे सूड तोच उगवतोय. शाळेचे मास्तर फार गोड बोलतात, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे. सुताराला तर त्यांनी भंतेजींसमोर नाही नाही ते सुनावलं. बिचारा दुसऱ्या दिवशी कामावर आलाच नाही. वर मलाच विचारतात, "तू काल दुपारी कुठं होतास रे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, चला, आजच सोक्षमोक्ष लावू.

त्या दुपारी जेवायला निघाल्याचं सोंग करून आम्ही वाळूच्या ढिगामागे दडून बसलो. भिंतीला पाणी मारायला ताई रोजच मागे राहायची. तिने इकडेतिकडे पाहिलं, भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंब्याची दोरी सोडली आणि वरच्या दोन थरांच्या विटा अलगद काढायला लागली. जन्मभर तिने दाजींच्या हाताखाली घमेली वाहिली; थापी धरलेली मी कधी पाहिली नव्हती. तिने थापीने माल लावून विटा पुन्हा बसवल्या आणि सांधे अंगठ्याने दाबले, थेट दाजींसारखे.

दाजी उठून तिच्यासमोर गेले. "तू?"

ताई थापी तशीच धरून म्हणाली, "बोटभर बाहेर जातेय हो भिंत. तुम्हाला दिसत नाही आता."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

मला वाटलं, आता हे गाव डोक्यावर घेणार. पण ते भिंतीवरून तळवा फिरवत राहिले. ताई अजून पोचली नव्हती त्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"मला सांगायचं नाहीस?"

"तुमचा विश्वास बसला असता?"

दाजी तडक सुताराच्या घरी गेले आणि त्याला हाताला धरून घेऊन आले. तोवर माणसं जेवून परतली होती. सगळ्यांच्या देखत दाजींनी मालाचं घमेलं उचललं, ताईपाशी आले आणि विचारलं, "मिस्त्रीणबाई, कुठं टाकू?"