भिंतीचे वय

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला कुणी नावगाव विचारले नाही. पुंडलिकनगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आठ संगणकांचे आमचे ऑफिस होते. कोपऱ्यातल्या संगणकापुढे सुती साडीतल्या एक बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. मी नमुना म्हणून आणलेले काम त्यांनी पडद्यावर उघडले, बराच वेळ पाहिले आणि एका भिंतीवर बोट ठेवले.

"हिचं वय काय?"

मी म्हणालो, "मॅडम, ती गेममधली भिंत आहे."

"व्हय, दिसतंय मला. वय काय?"

मी फाइलमध्ये कुठे तारीख दिसते का ते शोधू लागलो.

"मंग तू बांधली नाय ती," त्या म्हणाल्या. "नुसती रंगवलीस."

त्या म्हणजे सुलभा काकडे. ऑफिसात सगळे त्यांना अक्का म्हणत. व्हिडिओ गेममधला नायक ज्या किल्ल्यांतून, गल्ल्यांतून आणि भुयारांतून धावतो, ती ठिकाणे आम्ही तयार करायचो. गेम दुसऱ्या मोठ्या कंपन्यांचे असत. आमच्याकडे फक्त जागा बांधण्याचे काम येई. अक्का त्या कामाच्या प्रमुख होत्या. मी फुलंब्रीच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. आपला मुलगा शहरात काय करतो हे वडिलांना नीट सांगता येत नसे, पण ते गावभर अभिमानाने सांगत मात्र असत. ती नोकरी मला किती जपावीशी वाटत होती, हे त्यावरून कळेल.

अक्कांचे गाव शेंद्र्याच्या पलीकडे. शेतीचा मोठा तुकडा कारखान्यांच्या जागेत गेला, तेव्हा अक्कांनी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि चिकलठाण्याच्या एका डाय, म्हणजे लोखंडी साचे बनवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षे ड्रॉइंग काढली. कारखाना बंद पडल्यावर पंचेचाळिशी उलटलेल्या या बाई मुलांच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसून संगणकावर ठिकाणे उभी करायला शिकल्या. वय विचारण्याची सवय कारखान्यातली. तिथे प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तारखेची चौकट असे. ती रिकामी असली, तर मशीनवरचा माणूस कागद परत पाठवी. आमच्याकडेही अक्कांनी तसेच एक लांब रजिस्टर ठेवले होते. त्यात तीन रकाने: काय आहे, बांधलं कधी, पडलं कधी. भिंत असो, विहीर असो की दरवाजा, नोंद केल्याशिवाय फाइल पुढे जात नसे. जे उभे आहे, त्याचा तिसरा रकाना रिकामा राही.

मी लागलो तेव्हा एक मोठे काम आले होते. गेममध्ये एकच डोंगर आणि एकच किल्ला, पण गोष्ट दोन काळांत घडणारी. पहिल्या भागात नायक चारशे वर्षे मागे जातो, राजाने नुकत्याच बांधलेल्या किल्ल्यात. दुसऱ्या भागात तो दोनशे वर्षे पुढे, त्याच डोंगरापाशी पोचतो. मागच्या काळाचा भाग माझ्याकडे आला. मी सलग तीन रविवार दौलताबादला जाऊन दगडान् दगडाचे फोटो काढले. शेवाळ, ढासळलेले बुरूज, भिंतीतून उगवलेले पिंपळ, सगळे जसेच्या तसे उभे केले. सोबतच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र एका बुरुजापाशी थांबल्या.

"गोष्ट कवाची म्हणालास?"

"चारशे वर्षांपूर्वीची, अक्का. किल्ला नुकताच बांधून झालाय."

"नुकताच. आन् ह्यो बुरूज कुणी पाडला? सकाळी बांधून राजानंच दुपारी पाडला का?"

सगळा हॉल हसला. मी मान खाली घातली. अक्का हसल्या नाहीत. "तू इतिहास नाय काढला बाबा, तू रविवारची सहल काढली."

दुसऱ्या दिवशी त्या मला चिकलठाण्याकडे एका नव्या बांधकामावर घेऊन गेल्या. नुकता फोडलेला दगड किती उजळ असतो, छिन्नीचे घाव उन्हात कसे चमकतात, हे मी तोवर कधी पाहिलेच नव्हते. परत येऊन मी किल्ला नव्याने बांधला. पांढराशुभ्र चुना, अजून न काढलेली बांबूंची परांची, पायथ्याशी कपच्यांचे ढीग, दरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल आणि परांचीवर एका गवंड्याची फडक्यात बांधलेली भाकरी. अक्कांनी भाकरी पाहिली आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "लोक जुनं जुनं करत्यात. बांधलं तवा ते नवंच हुतं. बांधणारी माणसं छाती काढून हुबी हुती तिथं."

पुढच्या काळाचा भाग अक्कांनी स्वतःकडे घेतला होता. आमच्यातल्या एकाने त्यासाठी आधी काचेचे उंच मनोरे काढून ठेवले होते. अक्कांनी विचारले, "ह्यात जुनं काय हाय?"

"अक्का, भविष्य आहे ते!"

"मंग? पुढच्या माणसांना मागच्यांनी काय ठिवलंच नाय व्हय?"

मनोरे राहिले, पण किल्ल्याच्या पायथ्याशी अक्कांनी एक गाव वसवले. ते त्यांच्याच गावासारखे होते, हे आम्हाला कळत होते. घरांच्या छपरांवर न पाहिलेली यंत्रे, वरून उडणारी वाहने, आणि खाली पार, चावडी, डागडुजी केलेल्या भिंती. प्रत्येक दारात एक निळा ड्रम. आमच्या शहरात नळाची वाट पाहत दिवस मोजावे लागतात, त्यामुळे ड्रम आम्हाला नवा नव्हता. तरी मी म्हणालो, "दोनशे वर्षांनी तरी रोज पाणी येईल की, अक्का!"

"यिऊ दे की. ड्रम काय बाया टाकून देत्यात? कढीपत्ता लावतील त्यात."

आणि खरोखर प्रत्येक ड्रममध्ये त्यांनी कढीपत्ता लावला.

काम पाहायला गेम कंपनीचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले, तेव्हा आमचे मालक नितीनसर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. साहेबांचे दोन आक्षेप होते. किल्ला फार नवा दिसतो. शेवाळ हवे, बुरूज पडके हवेत, खेळणाऱ्याला इतिहास वाटला पाहिजे. आणि पुढच्या काळातले ते गाव काढून टाका. तिथे धूळ आणि ओसाड माळ पुरे, मनोरे लांबून दिसू देत.

अक्का आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत बोलल्या. "साहब, किल्ला तो कल बना. आज शेवाळ कैसा चढेंगा?" मग म्हणाल्या, "और गाँव का बोले तो, वो आगे रहेंगा नई, ये मैं बचपन से सुन रई. अब्बी तक तो है. मैं नई हटाती."

पडदा बंद झाल्यावर नितीनसर हात जोडून म्हणाले, "अक्का, गेम आहे हो. कुणाचं खरं घर पाडायला सांगतोय का मी?"

"नाय सांगत. तरी माझ्या हातनं व्हनार नाय. मी नाय म्हणलं तर तू दुसऱ्याकडनं करून घेशील, ते बी कळतंय मला." त्यांनी रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवले, डबा पिशवीत घातला आणि जिना उतरून गेल्या.

ते काम माझ्याकडे आले. नितीनसर वाईट माणूस नव्हते. "तू शहाणा आहेस," ते म्हणाले, "वर्षभरात अक्कांच्या जागी बसशील." मला वडील आठवले. मी फाइल उघडली. पहिला बुरूज पाडायला एक बटण पुरे होते. सवयीने आधी रजिस्टर ओढले, बुरुजाची ओळ काढली आणि तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवले. पडलं कधी? दिवसभर पेन तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले, "झालं का?" मोडक्या हिंदीत मी विचारले, "सर, हा बुरूज कोणत्या साली पडला? कुणी पाडला?"

"काय फरक पडतो?"

"आमच्याकडे लिहावं लागतं, सर. गावाचंही लिहून द्या. कधी उठलं, कुणी उठवलं, माणसं कुठे गेली. आलं की त्याच दिवशी पाडतो."

साहेबांनी नितीनसरांकडे पाहिले. नितीनसर टेबलाकडे पाहत राहिले, पण मला गप्प बस म्हणाले नाहीत. आठवड्याभरात साहेबांनी काम दुसऱ्या ऑफिसला दिले.

मी अक्कांच्या घरी गेलो, तेव्हा त्या भेंडी चिरत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काम हातचं गेलं, ते बापाला सांगितलंस?"

"नाही."

"आधी त्यांना सांग. मंग ये. आपल्या दोन भिंती अर्ध्या ऱ्हायल्यात."

महिनाभराने नितीनसर स्वतः अक्कांना घ्यायला गेले. फाइलीत राहिलेला तो किल्ला आणि ते गाव आता आमचेच होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते. पोटापाण्याची कामे सांभाळून, दुपारच्या जेवणानंतर तासभर आम्ही त्यावर बसायचो. आमचा गेम अजून पुरा झालेला नाही, कुणी मागितलेलाही नाही. आम्ही थांबलेलो नाही.

अक्का मागच्या वर्षी गेल्या. शेवटचे काही महिने त्यांना जिना चढवत नसे. त्यांनी रजिस्टर घरी मागवून घेतले होते. दहाव्यानंतर त्यांच्या सुनेने ते मला परत दिले. ऑफिसात आल्यावर मी गावाचे पान उघडले. गाव ठेवायचे की काढायचे हा साहेबांशी वाद चालू असताना ती ओळ आम्ही कोरीच सोडली होती. आता तिथे अक्कांचे अक्षर होते, जरा थरथरलेले, तरी ड्रॉइंगवर लिहावे तसे सुटे आणि ठसठशीत. काय आहे: गाव. बांधलं कधी: माहीत नाय, लई जुनं. जे उभे आहे त्याचा तिसरा रकाना रिकामा ठेवायचा, हा नियम त्यांचाच. या एका ओळीत त्यांनी तो मोडला होता. पडलं कधी: पडलं नाय.