उंबराच्या पाण्यातल्या पेशी

पेट्रिशिया क्रियाडो अंधेरीच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला तीन विषय शिकवायची. पेशीजीवशास्त्र, मायक्रोस्कोपी आणि पर्यावरण जीवशास्त्र. मुलं तिला पॅट मिस म्हणायची आणि तिच्या प्रॅक्टिकलला टरकून असायची. कारण पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवलेली तिला लगेच कळायची. "हे तू भिंगातून पाहिलंस की गाईडमधून?" असं विचारून ती पान खोडायची, आणि मग स्वतःच शेजारी स्टूल ओढून पुन्हा पाहायला बसवायची.

ती मरोळकडच्या गावठाणात वाढली. वडिलांचा भाजीचा मळा होता, तो आता एका इमारतीखाली आहे. उरली ती विहीर. पंप लावून लोक तिच्या पाण्याने स्कूटर धुवायचे, बाकी वेळ ती लोखंडी जाळीखाली पडून असायची. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी काढायचं, त्याला उंबराचं पाणी म्हणायचं, आणि त्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला अंघोळ घालायची, ही गावठाणाची जुनी रीत. पण हल्ली बायका विहिरीपाशी जाऊन नुसत्या नाचायच्या आणि हंडा भरायच्या तो घरच्या नळावर.

यंदा पेट्रिशियाच्या भावाच्या मुलाचं, ब्रेंडनचं, लग्न ठरलं. भावजय जॅकलिन हट्टाला पेटली. "माझ्या अंगावर त्या विहिरीचं पाणी पडलं. माझ्या मुलाच्या अंगावर नळाचं?" तिने माणसं लावून गाळ उपसून घेतला. त्याच सुमाराला गावठाणाच्या सभेत दुसराच विषय निघाला होता. विहिरीवर स्लॅब टाकला तर चार गाड्या उभ्या राहतील. बराच वाद झाला आणि शेवटी सगळे पेट्रिशियाकडे वळले. पाणी चांगलं असेल तर विहीर राहील, नसेल तर स्लॅब. पॅट सांगेल ते.

पेट्रिशियाने दोन कामं एकत्र केली. पर्यावरणाच्या पेपरसाठी मुलांना पाण्याचे नमुने घ्यायचेच होते. एरवी ती त्यांना पवईच्या तलावावर नेई, या वेळी विहिरीवर आणलं. मुलं आपापल्या बाटल्या भरून कॉलेजात परतली. पेट्रिशिया मात्र जॅकलिनच्या घरी अडकली. पाहुणे आधीच उतरले होते आणि फुग्यांचं पीठ मळायला हात कमी पडत होते. फुगे म्हणजे मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे तळलेले गोळे. पीठ ताडी घालून फुगवायचं आणि मळायचं तेही कोपरापर्यंत हात घालून. बऱ्याच वेळाने तिला आठवलं की आपली बाटली राहिलीच. हात फडक्याला पुसून ती विहिरीवर गेली, बादली ओढली, बाटली भरली. ती बाटली रात्रभर जॅकलिनच्या ओट्यावर राहिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने थेंब काचेवर घेतला, निळा रंग सोडला आणि भिंगाला डोळा लावला. सगळीकडे यीस्टच्या पेशी. गोल, लांबट, काहींना बाजूला कोंब फुटलेले. एवढं यीस्ट विहिरीत? म्हणजे कुठल्यातरी हॉटेलचं खरकटं पाणी झिरपतंय. तिला वाईट वाटलं, पण जे दिसलं ते दिसलं. तिने फोन लावला.

"जॅकलिन, नको काढूस त्यातलं पाणी."

पलीकडे पाहुण्यांचा गलका चालू होता. जॅकलिन म्हणाली, "बरं बाय. तू म्हणतेस तर." ती एका शब्दाने भांडली नाही, आणि तेच पेट्रिशियाला दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी कळलं, स्लॅबवाला माप घ्यायला येतोय.

बुधवारी प्रॅक्टिकलमध्ये मानसी चिंचवलकर हात वर करून म्हणाली, "मिस, आमच्या बाटलीत यीस्ट नाहीये."

"नीट बघ. फोकस कर."

"तीनदा केलं मिस. शैवाल आहे, एक गोल गोल फिरणारा किडा आहे. झकास दिसतोय. यीस्ट नाही."

पेट्रिशियाने स्वतः पाहिलं. नव्हतंच. मानसीने तोवर पेट्रिशियाची बाटली उघडून नाकाशी नेली होती. "मिस, रागवू नका हं. याला इडलीच्या पिठाचा वास येतोय."

पेट्रिशियाने आपल्या नखांकडे पाहिलं. "इडली नाही गं. फुगे."

"मग पीठ आणून बघू या ना. तुम्हीच म्हणता, नुसतं वाटून उपयोग नाही."

दुपारी ती जॅकलिनच्या दारात उभी राहिली. "फुग्यांचं पीठ दे थोडं. बाटलीत."

"पीठ? लॅबमध्ये तळणार आहेस?"

भिंगाखाली तेच निघालं. त्याच गोल पेशी, तेच कोंब. पण भिंगातून सगळं दिसत नाही, हेही तिला ठाऊक होतं. मुलांनी सोमवारीच विहिरीचं पाणी परीक्षानळ्यांत वाढवायला ठेवलं होतं. घाण मिसळली असेल तर आतल्या छोट्या नळीत गॅसचा बुडबुडा धरतो. बहुतेक नळ्या कोऱ्या होत्या, पण दोन नळ्यांत बुडबुडा होता. तो दिसलाच नाही असं म्हणण्याचा मोह तिला झाला. क्षणभरच.

जॅकलिन अंगणात कांदे सोलत होती. पेट्रिशियाने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझ्या हाताचं पीठ, आणि बदनाम माझी विहीर?"

"हो."

"एवढी शिकलीस बाय, आणि हात धुवायला विसरलीस?" जॅकलिन इतकी हसली की कांद्याचं पाणी डोळ्यांतून गालावर आलं. मग तिने सुरी खाली ठेवली. "खरं सांग. पाणी चालेल?"

"प्यायला नाही. उकळून अंघोळीला चालेल. एक थेंब तोंडात जाऊ द्यायचा नाही. आणि सभेत मी हे असंच सांगणार, बुडबुड्यांसकट."

"सांग. उकळायला मी बसते."

सभा चर्चच्या पायऱ्यांवरच भरली. पेट्रिशियाने आधी आपली चूक सांगितली, मग दोन नळ्यांचं. एकजण म्हणाला, "म्हणजे पाणी चांगलं की वाईट? एक काय ते बोल ना."

"एक नाहीच आहे. पिऊ नका, पण विहीर बुजवावी इतकं वाईटही नाही. दर महिन्याला माझी मुलं तपासतील. सुधारतंय का बघू."

कुरकुर झाली, पण स्लॅबवाल्याला नको म्हणून निरोप गेला.

शनिवारी संध्याकाळी बँड निघाला. लुगडी नेसलेल्या बायका मडक्याला कातडं ताणून केलेल्या घुमटाच्या तालावर विहिरीपर्यंत नाचत आल्या. आत्या म्हणून पहिला हंडा पेट्रिशियाने सोडला. दोर जड लागला तेव्हा बाकीच्यांनीही हात लावला. अंगणातल्या चुलीवर पाणी खळखळेपर्यंत जॅकलिन जागची हलली नाही. निवत ठेवलेल्या पाण्याचा पहिला तांब्या पेट्रिशियाने खांद्यावर ओतला तसा पाटावर बसलेला ब्रेंडन ओरडला, "आंटी, अंघोळ घालतेस की शिजवतेस?"

"तोंड मीट आधी!" पेट्रिशिया आणि जॅकलिन एकदम म्हणाल्या.

सोमवारी विहिरीवर जाळी परत बसवली. या वेळी मात्र एका बाजूला बिजागऱ्या लावल्या, उघडता यावी म्हणून. मानसी बाटल्यांची पिशवी घेऊन आली, तर जॅकलिन तिच्या आधीच नळाशी साबण घेऊन उभी होती.