तिसऱ्या फोनवर मिळालेला विरोध

दोन्ही बाजू मांडणं हा पत्रकाराचा धर्म आहे, असं मी वीस वर्षं सांगत आलो. दुसरी बाजू मिळवायला एकदा मला तीन फोन करावे लागले होते, एवढं मात्र कोणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांपूर्वी वंदनाताईंच्या मुलीचा मेसेज आला, "काका, आई पास्ड अवे धिस मॉर्निंग," आणि मला आधी ते फोनच आठवले...

वंदनाताई नागपूरच्या, सॉफ्टवेअरमधल्या. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या गावात मी साप्ताहिकाचा बातमीदार. नोकरीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी, असा अर्ज त्यांनी नगर परिषदेकडे केला होता. सभेत त्या शांतपणे बोलल्या. "टीममध्ये आधी आडनाव विचारलं, मग वडिलांचं गाव. त्यानंतर मला लंचला बोलावणं बंद झालं. माझी मुलगी आता नोकरीला लागेल. तिच्या वाट्याला हे नको." विरोध करायला कोणी उठलं नाही.

विरोधाशिवाय बातमी मला लंगडी वाटली. ओळखीच्या मराठी घरांत फोन लावले. पहिले दोघं म्हणाले, चांगलंच आहे की. तिसरे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. "असं काही चाललंय होय? मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "पण तू विचारतोयस तर... समाजात फूट पडेल, असं लिही." मी लिहिलं. मथळाही मीच दिला: 'भारतीय समाजात मतभेद'. पुढच्या सभेत सदस्यांनी तो अंक समोर ठेवला आणि समाजाचं एकमत होईपर्यंत विषय तहकूब केला.

ताईंचा फोन आला. "सभेत मराठी आपण दोघंच होतो ना रे? मग मतभेद कोणाचे?"

"ताई, दोन्ही बाजू द्याव्या लागतात."

"आणि दुसरी नव्हती, म्हणून घरून घेऊन आलास?"

मी हसलो. त्याही हसल्या. त्यानंतरही दर भीमजयंतीला त्यांनी मला जेवायला बोलावलं, आणि मी दरवर्षी पोटभर जेवून आलो. माफी मागायचं पुढच्या वर्षावर ढकलत राहिलो...

त्या गेल्यावर मी नगर परिषदेला पत्र लिहिलं. विरोध नव्हताच, तो मी फोन करून मिळवला होता, असं सहीनिशी कबूल केलं आणि विषय पुन्हा घ्यावा अशी विनंती केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानले होते. अर्जदार हयात नसल्यामुळे अर्ज निकाली काढण्यात आला होता.