दिव्यासाठी बंद केलेला पंखा

कनेरगाव नाक्यापुढच्या दारूच्या कारखान्यात अन्सारचं काम म्हणजे मीटर घेऊन हवा मोजत फिरणं. बाटल्या भरणाऱ्या बायका त्याला चिडवायच्या, की आमी मरमर राबतो आन् तू हवा खायचा पगार घेतोस. अन्सार हसायचा. दारूची वाफ डोळ्यांना दिसत नाही, ती हॉलमध्ये दाटली की एक ठिणगी पुरते, हे सांगून सांगून तो थकला होता. भिंतीच्या बुडाशी बसवलेला मोठा पंखा ती वाफ दिवसभर बाहेर ओढायचा.

खंडेनवमीला मात्र अन्सारची नजर मीटरवरून हलायची नाही. त्या दिवशी मशीनची पूजा. वर्षभर गेटवर काढून घेतात ती काडेपेटी त्या दिवशी फोरमन व्यंकटरावांच्या खिशात असायची. मुसलमानानं पूजेत खोडा घातला असं कुणी म्हणेल, या धास्तीनं तो सात वर्षं गप्प राहिला. पंखा चालू आहे ना, मग निभावेल, अशी मनाची समजूत घालायचा. तो निव्वळ भित्रेपणा होता आणि त्याला ते ठाऊक होतं.

यंदा पूजेसाठी मशीन रिकामं करून उरलेली दारू उघड्या टपांत काढली होती. बाटल्या भरणाऱ्या निर्मलाबाई मशीनपुढं बसून रांगोळी काढत होत्या. मध्येच त्यांनी कपाळ धरलं, गरगरतंय म्हणाल्या. नऊ दिवसांचा उपास, दुसरं काय, असं म्हणत कुणीतरी पाणी आणलं.

अन्सारच्या छातीवरचं मीटर शांत होतं. पण उभ्या माणसांपैकी कुणालाच गरगरत नव्हतं, आणि ही वाफ जड, खाली बसणारी. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की पंख्याची घरघर ऐकूच येत नाही. गेल्या वर्षी पंख्याच्या वाऱ्यानं पूजेचा दिवा दोनदा विझला होता आणि महिन्याभरात व्यंकटरावांच्या भावाचा पाय मोडला होता. म्हणून यंदा व्यंकटरावांनी पंखाच बंद करायला लावला होता.

व्यंकटरावांनी काडी काढली. अन्सारनं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. सगळा हॉल त्याच्याकडं बघत राहिला.

"हात सोड," व्यंकटराव म्हणाले. "तुमच्या सणात आमी कधी आडवं आलो का?"

मनगट न सोडता अन्सारनं दुसऱ्या हातानं मीटर काढून रांगोळीशेजारी फरशीवर ठेवलं. ते ठणाणा वाजायला लागलं. वीसच्या वर गेलं की हॉल रिकामा करायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. आकडा चौतीस होता.

"कुणी बटणाला हात लावू नका, त्यातबी ठिणगी पडते," अन्सार म्हणाला. "बाईंना धरा आन् बाहेर चला."

सगळे निघाले. बाहेरच्या पॅनेलवरून त्यानं पंखा चालू केला. आकडा उतरायला अर्धा तास लागला. पूजा मग पार लांब, गेटजवळच्या लिंबाखाली झाली, मशीनचे पाने आणि पकडी पाटावर मांडून.

प्रसाद वाटताना मॅनेजर साहेबांनी अन्सारला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षीपासून या दिवशी भरपगारी सुट्टी घे, म्हणजे वादच नको, असं ते समजुतीनं म्हणाले. सात वर्षं अन्सारला हेच हवं होतं.

"सुट्टी ईदला द्या साहेब," तो म्हणाला. "पूजेच्या दिवशी मी लागतो."

व्यंकटराव प्रसादाचं ताट घेऊन मागंच उभे होते.

"व्हय," ते म्हणाले. "लागतो."