टेपवरचा आवाज

उत्तरा कोराडीच्या वीज केंद्रात शिपाई होती. नवरा मधुसूदन काविळीने गेला आणि त्याच्या जागेवर तिला ही नोकरी मिळाली. मॅट्रिक झालेली बाई वर्षानुवर्षं चहाचे कप आणि फायली उचलत राहिली. १९८१ साली टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या, तेव्हा ऑफिसातल्या बड्या बाबूंनी तिला शहरातल्या सदर भागात वामनरावांकडे धाडलं.

वामनराव रेल्वेत नव्या माणसांना तयार करत करत निवृत्त झालेले. आता घराच्या पुढच्या खोलीत मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. रविवारी उत्तरा बसने यायची. ते साहेब व्हायचे, ती उमेदवार. शिकवणं असं काही नाहीच, नुसते प्रश्न. एका रविवारी त्यांनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि प्रश्न संपल्यावर टेप लावली.

उत्तराने स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो बारीक आवाज प्रत्येक उत्तराआधी 'माफ करा साहेब' म्हणत होता. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा.

"हे मी नाही," ती म्हणाली.

"तुम्हीच आहात. नाव सांगाची माफी काहून मागता, बाई?"

ती भिंतीकडे बघत बोलली.

"नोकरी माझी नाही ना जी. ते मेले म्हणून मी तिथं बसून राहिली. रोज वाटते, कोणीतरी येईन अन् ऊठ म्हणन."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, तिला कळेना. वामनरावांनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाले, "आता बोलल्या त्यात माफी नव्हती. तिथंही असंच बोला."

पुढचे काही रविवार तोच सराव. 'माफ' आला की ते हात वर करायचे, ती वाक्य पुन्हा सुरू करायची.

मुलाखतीत अधिकाऱ्यांनी नेमकं विचारलं, "पतीच्या जागेवर लागलात ना? हे काम झेपेल?"

ओठावर आलेला शब्द तिने गिळला.

"हो, त्यांच्या जागेवर लागली. ही जागा मात्र मी माझ्यासाठी मागून राहिली. झेपेल."

बाहेर आल्यावर ती दाराशीच थांबली. हे आपण बोललो?

निवड झाल्याचं घरी सांगितलं, तेव्हा सासू पार्वतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"साऱ्या साहेबायचे फोन तू जोडशीन?"

"हो."

"मधू असता त त्याले खरं वाटलं नसतं वं."

"मलेच अजून खरं वाटून नाही राहिलं," उत्तरा म्हणाली आणि सासूशेजारी खालीच बसली.